रुइलानचा हयातीचा दाखला

तळ्याला दोन फेऱ्या झाल्या तरी रुइलान बाकावर टेकली नाही, तेव्हाच अहिल्याबाईंना कळायला हवं होतं. एरवी दुसऱ्या फेरीनंतर ती बसायची, थर्मासातलं गरम पाणी घोटघोट प्यायची आणि समोरच्या तळ्याला नावं ठेवायची. "हे तळं? ही बिल्डरनं भरून ठेवलेली बादली!" अमेरिकेतल्या शुगर लँडच्या त्या वसाहतीत घरांना भाव यावा म्हणून खणलेलं तळं ते. त्यातली बदकंसुद्धा नेमून दिल्यासारखी वाटायची.

आज मात्र जानेवारीचा गार वारा तोंडावर घेत ती तिसऱ्या फेरीला लागली.

"अगं ताई, जरा दमानं! माझे गुडघे माझ्याआधी रिटायर झालेत."

रुइलान हसली नाही.

अहिल्याबाई मिरजेच्या शाळेतून निवृत्त होऊन मुलाकडे, नकुलकडे आलेल्या. रुइलान त्यांच्याहून आठ वर्षांनी मोठी, तीन घरं सोडून राहणाऱ्या लीनची आई. तीन वर्षं दोघी रोज सकाळी चालत होत्या. दोघींचं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे कुणी कुणाला हसायचा प्रश्नच नव्हता. अडलं की हातवारे, फारच अडलं की फोनमधला दुभाष्या.

त्या मोडक्या इंग्रजीतून अहिल्याबाईंनी अख्खं वूशी शहर पाहिलं होतं. चीनमधलं ताइहू तळं एवढं मोठं की पलीकडचा काठ दिसत नाही, आणि त्याच्या उत्तर काठावर हे वूशी. शहराच्या पोटातून जुना कालवा जातो. त्यावरून एके काळी तांदळानं भरलेल्या नावा उत्तरेला बादशहाकडे जायच्या. मग रेशमाच्या गिरण्या आल्या. रुइलान सतराव्या वर्षी गिरणीत लागली. कढत पाण्यात कोश सोडायचे, बोटांनी धाग्याचं टोक शोधायचं, टोक सापडलं की चाकाला द्यायचं. बावीस वर्षांत तिच्या बोटांची टोकं इतकी गुळगुळीत झाली की अमेरिकेच्या विमानतळावर मशीनला ठसेच सापडेनात. "गिरणीनं घेतले, परत दिले नाहीत," असं ती म्हणायची.

गिरणी बंद पडली. आता त्या बाजूला चिपांचे आणि सोलरचे कारखाने आहेत. एका उन्हाळ्यात तळ्यावर हिरवी साय धरली आणि नळाला कुजका वास सुटला. लोक बाटलीतल्या पाण्यानं तांदूळ धुवायला लागले. "ज्या तळ्यानं आम्हाला मासे दिले, कोळंबी दिली, त्याला आम्ही गटार पाजलं," हे सांगताना ती नेहमी दोन्ही कान धरायची. कान धरायला मात्र ती अहिल्याबाईंकडून शिकली होती, देवासमोर.

गिरणीनं दिलेली दोन खोल्यांची जागा पुढे तिच्या नावावर झाली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तळ्याची बोटभर पट्टी दिसायची. नवऱ्याची समाधी जवळच्या डोंगरावर. नात झाली तेव्हा लीन म्हणाली होती, "आई, ती शाळेत जाईपर्यंत ये, मग परत जा." नात यंदा पहिलीत गेली. एप्रिलमध्ये त्यांच्याकडे पितरांचा दिवस असतो, समाध्या झाडून फुलं वाहतात. त्या दिवसाला घरी पोचायचं, असं रुइलाननं ठरवून टाकलं होतं. पिशवीसुद्धा भरायला घेतली होती.

वळणावरच्या ओकच्या झाडाखाली ती अखेर थांबली.

"काल वूशीहून शेजारणीचा फोन आला. माझ्या घरात अनोळखी माणसं आली होती. भिंती मापत होती."

"चोर?"

"चोर टेप घेऊन येतो का?" रुइलान फटकन म्हणाली. "लीननं घर विकायला काढलंय. मी तिला कुलमुखत्यार केलंय म्हणे. नोव्हेंबरात."

कुलमुखत्यार हा शब्द फोनच्या दुभाष्यानं दोनदा सांगितला. नोव्हेंबर मात्र अहिल्याबाईंना एकदाच ऐकून समजला.

नोव्हेंबरातल्या त्या दुपारी लीन ऑफिसात होती. तिनंच फोन करून अहिल्याबाईंना आईकडे पाठवलं होतं. "काकू, आईच्या पेन्शनचं वर्षाचं काम आहे. जिवंत असल्याचं दाखवायचं असतं. जरा फोन धराल?" अहिल्याबाई म्हणाल्या, "अगं, त्यात काय! मीपण दर नोव्हेंबरात हेच करते." आपल्याकडे हयातीचा दाखला, त्यांच्याकडेही तसाच. रुइलाननं दोन्ही हातांत ओळखपत्र धरलं. डोळे मिचकावले, मान हलवली. पडद्यावरची अक्षरं मोहरीएवढी, चष्मा वरच्या मजल्यावर. ती उठायला लागली तर अहिल्याबाईंनीच तिला खाली बसवलं होतं. "कशाला जिना चढतेस? दरवर्षीचंच तर आहे. कर सही!" वर थट्टाही केली होती, "झालं, सरकारच्या मते तू जिवंत!"

"ताई, देवाशपथ, मला माहीत नव्हतं."

"ठाऊक आहे. तू खोटं बोललीस की नाक खाजवतेस. लीनलाही हे ठाऊक आहे. म्हणून तर तुला खरं सांगितलं नाही."

हीच लीन दर संकष्टीला वाट वाकडी करून त्यांना देवळात सोडायची. नकुलला वेळ नसायचा, सून चारुताचीही धावपळ. मागच्या संकष्टीला तर लीन आत येऊन हात जोडून उभी राहिली होती. तेव्हाही तिच्या पोटात हे होतंच की!

"तू तिला विचारलंस?"

"विचारलं. म्हणाली, तिथं तुझं कोण आहे? पडलीस झडलीस तर कोण बघेल?" रुइलाननं थर्मासाचं झाकण उघडलं आणि तसंच परत लावलं. "खोटं नाही ते. पण मला विचारायचं होतं ना! आमच्या गावाची गोष्ट सांगितली होती ना तुला, कथलाची?"

सांगितली होती. वूशी म्हणजे 'कथील नाही'. डोंगरात कथील होतं तोवर माणसं एकमेकांच्या जिवावर उठत, कथील संपलं तेव्हा गावाला शांतता मिळाली, अशी जुनी म्हण.

"मला वाटलं, माझ्यापाशी आता काही उरलं नाही, मी सुखी. पण दोन खोल्या उरल्या होत्या."

एक बदक काठावर येऊन दोघींकडे मान वाकडी करून बघून गेलं.

"विकलं नाही अजून," रुइलान म्हणाली. "शेजारीण तिथल्या नोंदणी कचेरीत जाऊन आली. मी स्वतः व्हिडिओवर येऊन सांगितलं तर कागद रद्द होतो. गुरुवारी संध्याकाळी सात वाजता. तिथे शुक्रवारची सकाळ असेल. माझ्या फोनवर आलेलं सगळं लीनला दिसतं. तुझा फोन हवा. आणि ओळखपत्र दोन्ही हातांत धरावं लागतं, म्हणजे फोन धरायलाही कुणी हवं."

गुरुवार. शुक्रवारी संकष्टी. अहिल्याबाईंनी मनातल्या मनात गणपतीचं नाव घेतलं, पण पुढे काय मागावं ते ठरेना.

रुइलाननं त्यांचं मनगट पकडलं. ती गुळगुळीत बोटं गार पडली होती.

"या वेळी चष्मा घालून मी एकेक अक्षर मोठ्यानं वाचेन. वेळ लागेल. सातला लीन घरी येते, मी दिसले नाही की तुझ्याकडेच शोधत येईल. ती दारात आली, ओरडली, रडली, तुला काकू काकू म्हणाली, तरी माझं वाचून होईपर्यंत तू फोन खाली घेऊ नकोस."