चावडीच्या भिंतीतली भोकं

“आरं, भोकं कुठं गेली?”

खालून एक म्हातारबा ओरडले. मी शिडीवर रंगाचा दुसरा हात मारत होतो.

“बुजवली, आबा. भिंत कशी आरशासारखी झालीय!” वर हसलोसुद्धा.

हिमायतनगरकडच्या एका गावची जुनी चावडी. दुसऱ्या दिवशी मराठवाडा मुक्तिदिनाचं झेंडावंदन, म्हणून रंगकाम. मी कुडाळचा, आठवीत शाळा सोडलेला. रंगकामाचे ठेके घेणाऱ्या सेठनी नांदेडात छप्पर दिलं, पुट्टी शिकवली. पुट्टी म्हणजे रंगाआधीचं पांढरं लिंपण. सिमेंटचं असतं, वाळलं की दगड. एखादं भोक राहिलं तर सेठचं नाव जाईल, या धास्तीनं मी एकही सोडलं नव्हतं.

आबा भिंत चाचपत राहिले. “निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांची व्हती ती. लोक नुसते झेंडा घेऊन बसले व्हते. कुणाच्या हातात खडाबी न्हवता. माझा बाप हितंच पडला. मी पोटात व्हतो.”

मी खाली उतरलो.

“त्या दिशी मोजकी माणसं व्हती. बाकी गाव दाराआडून बघत व्हतं. दुसऱ्या सकाळी समदं गाव आलं. झेंडा माझ्या मायच्या हातात.”

त्या गोळीबारात गेलेल्या माणसांच्या घरचे दर मुक्तिदिनाला आपापल्या भोकात बोटानं गुलाल भरतात, हे तेव्हा कळलं.

“उद्या बोट कुठं घालू मी?” आबांनी विचारलं.

सेठना फोन लावला. “सेठ, चुकलं.”

“बुजवायच्या आधी कुणाला विचारलंस?”

“नाही.”

“रंगाचं मी बघतो. आधी त्यांच्या बापाची जागा मोकळी कर.”

आबांनी दाखवलं तिथं पटाशी लावली. पुट्टी जुन्या चुन्याला घट्ट धरून बसलेली. निघताना चुनाही घेऊन आली. मूठ जाईल एवढं खिंडार पडलं. बाकीच्या भोकांना हात लावायची हिंमत झाली नाही.

“लई मोठी गोळी झाली की रं,” आबा म्हणाले. मला वर बघवेना.

सकाळी त्यांनी गुलालाचं बोट आत घातलं. ते कुठंच टेकेना. शेवटी कडेला पुसलं. बाकीची घरं कोऱ्या भिंतीसमोर गुलाल घेऊन उभी. एका मावशीनं मलाही चहा आणून दिला.

आता जुन्या भिंतीला पुट्टी लावण्याआधी मी विचारतो, यातलं काय बुजवायचं नाही? बहुतेक लोक म्हणतात, सगळंच बुजवा.