आप्पांनी चावलेली गोळी

मला थॅलेसेमिया हाय. जन्मापास्नंचा. अंगात रक्त टिकत न्हाय, म्हणून दर दोन-तीन आठवड्यांनी गडहिंग्लजहून यष्टीनं कोल्हापूर गाठायचं आन् दुसऱ्याचं रक्त भरून घ्यायचं. खाटंवर पडून करणार काय? सगळ्यांच्या नकला शिकलो. सुई टोचताना "दीर्घ श्वास घे बाळा" म्हणणाऱ्या सिस्टरची तर अशी करतोय, की बाकीचे पेशंट खरंच श्वास घेत्यात.

गेल्या वर्षी डॉक्टर मॅडमनी इचारलं. एका नव्या गोळीची चाचणी सुरू हाय, तिनं रक्त कमी वेळा भरावं लागंल का बघायचंय, येतोस का? अठरा पुरी झालती, सही मीच ठोकली. आप्पांना, म्हंजे माझ्या वडलांना, एकच गोष्ट पटंना. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना नुसती दिखाव्याची, आन् कुणाला कुठली ते मॅडमनाबी ठाव न्हाय.

"डॉक्टरला ठाव न्हाय? मग काय कंडक्टरला ठाव? खडू गिळत असशील तर बास कर हे."

आप्पा गुळाच्या अडतीत हाईत. ढेपेचा कण जिभंवर ठेवला की माल कसला ते सांगत्यात. एका सकाळी बघतोय तर माझ्या डब्यातली गोळी दातानं फोडून डोळं मिटून बसल्यात.

"कडू हाय! खरीच हाय लेका!"

माझं डोस्कंच फिरलं. उरलेल्या गोळ्या दवाखान्यात मोजून घेत्यात.

"गटारीत पडली म्हण की," आप्पा म्हणाले.

"न्हाय. चाचणीतनं काढून टाकलं तरी चालंल, खरं तेच सांगणार. आन् तुमीबी चला."

मॅडमनी ऐकलं आन् कपाळाला हात लावला. "अहो, दोन्ही गोळ्या मुद्दाम सारख्याच कडू केल्यात! आणि औषध खाल्लंत ना, आता तुमचंही रक्त तपासावं लागेल."

सुई बघून आप्पांना दरदरून घाम. मी सिस्टरच्या आवाजात म्हटलं, "दीर्घ श्वास घ्या बाळा." खरी सिस्टर हसली, आप्पा न्हाय.

"मला काढणार काय, मॅडम?"

"हे वरती कळवावं लागेल. पण एका गोळीसाठी नाही काढणार. पुन्हा असं नको."

स्टँडवर आप्पा कापूस दाबून बसलंते. माझ्या हातावरच्या टोचल्याच्या खुणा बघत हुते. मीच म्हटलं, "मी न्हाय सोडणार हां. गोळी खडूची निघाली तरी."

"सोडू नगंस," आप्पा म्हणाले. "हलका माल शेजारी ठेवल्याबिगर चांगल्याची पारख हुतीया व्हय? कुणीतरी खडूबी खाल्लाच पायजे की."

माझी गोळी कुठली ते अजून ठाव न्हाय. रोज घेतोय. डबा मातर आता आईच्या ताब्यात हाय, पिठाच्या डब्यामागं.