अंदाजाचे पेढे

जपानमध्ये कचऱ्यालासुद्धा वार ठरलेले असतात. आज जळणारा, उद्या प्लास्टिक. किश्शांचं तसं नाही, त्यांना न्यायला गाडीच येत नाही! फुनाबोरी-उरायासूतल्या आमच्या दोन-तीन मराठी घरांतली मुलं ए-लेव्हल्सला, म्हणजे ब्रिटिश पद्धतीच्या अकरावी-बारावीला गेली आणि किस्से साचायला लागले.

*

उरायासूच्या देशपांड्यांना कळलं, की त्यांच्या सोहमला तीनच विषय आहेत.

"तीनच? मग उरलेला वेळ काय शाळा झाडणार?"

"बाबा, शाळा जपानी मुलं झाडतात. आमची ब्रिटिश आहे!"

*

या मुलांना युनिफॉर्म नाही, ऑफिससारखा सूट. आमची इरा काळा सूट घालून बाबाबरोबर, म्हणजे माझ्या नवऱ्याबरोबर निघाली. स्टेशनवर त्याचे साहेब भेटले. इरापुढे वाकून म्हणाले, "सुहास-सान, टीममध्ये नवीन?"

"हो. काम शून्य, पगार मी देतो!"

*

युनिव्हर्सिटीच्या अर्जात स्वतःबद्दल चांगलं लिहायचं होतं. इराने पुण्याला आजीला व्हिडिओ कॉल केला. "आजी, माझ्यात चांगलं काय आहे गं?"

आजीने बराच विचार केला. "पानात काही टाकत नाहीस, बाई."

*

मग आले प्रेडिक्टेड ग्रेड्स. परीक्षेआधीच शिक्षक अंदाज सांगतात आणि त्यावर युनिव्हर्सिटी जागा देऊ करते. इराचा अंदाज उत्तम, लंडनची जागाही आली. सुहासने हौसेने मिल्क पावडरचे पेढे केले आणि बिल्डिंगभर वाटले!

"बाबा, हा रिझल्ट नाहीये! खरे मार्क कमी पडले तर जागा जाईल!"

शेजारच्या सातो आजींनी दुसऱ्याच दिवशी परतभेट म्हणून खरबूज आणलं. शिवाय लिफ्टमध्ये भेटल्या की इराचं अभिनंदन. बिचारी इरा परीक्षा होईपर्यंत जिन्याने ये-जा करत होती.

*

ऑगस्टमध्ये खरा निकाल लागला. जेवढे हवे होते, अगदी तेवढेच ग्रेड्स! इरा नाचली, मी रडले. सुहासला म्हटलं, "पळ, मिल्क पावडर घेऊन ये."

तो गेला आणि बऱ्याच वेळाने रिकाम्या हाताने परत आला.

"अरे, पेढे? नुसत्या अंदाजावर बिल्डिंगभर वाटलेस ना!"

सुहास बूट काढत दारातच बसला होता.

"तेव्हा अंदाजच होता गं. आता ती खरंच चाललीय."