ढोम्याच्या पोटातली नवी जात

भावोजींनी परजातीची मुलगी पाहून ठेवली आहे, अशी बातमी मी सासूबाईंना दिली, तेव्हा माझ्या लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं आणि अक्कल यायची होती. पुढे ती आली की नाही ते नातवंडांना विचारा.

सन तीसच्या आसपासची गोष्ट. माझे धाकटे दीर मुंबईच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत. सुट्टीत रत्नागिरीला आले ते कॉलेजचा पितळी सूक्ष्मदर्शक घेऊन. आम्ही मासे साफ करायचो आणि हे आतडी मागून न्यायचे, बशीत चिरून त्यातले जंत शोधायचे. त्या बश्या सासूबाई स्वयंपाकघरात येऊ देत नसत.

एका दुपारी पडवीत ते मित्राला सांगत होते, "सापडली एकदाची. आपल्या माहितीतली नाहीच, जातच वेगळी. प्रोफेसरांना दाखवल्याखेरीज कुठे बोलू नकोस."

मी दाराआड चहा घेऊन उभी. चहा तिथेच ठेवला नि धावले मागीलदारी.

भावोजी परवाच्या आगबोटीने परतायचे होते. सासूबाईंनी जेवणाच्या पानावरच निकाल दिला: मुंबई बंद, शिक्षण पुरे. भावोजींचा चेहरा आधी पांढरा पडला, मग कारण कळल्यावर हसू आवरेना. आईचा हात धरून त्यांनी तिला सूक्ष्मदर्शकापाशी नेलं. सासूबाईंनी वाकून पाहिलं, "ही?" एवढंच म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. त्या नजरेनं मी भाजून निघाले.

'ही' म्हणजे ढोमा माशाच्या पोटातला दोऱ्यासारखा जंत, मादी. भावोजींच्या एकाही पुस्तकात नसलेली. पण नुसत्या मादीवर भागत नव्हतं. खरी खूण नराच्या शेपटीत असते, नर मिळाला तर नव्या जातीचं वर्णन लिहिता येणार, आणि तोच मिळत नव्हता.

दुसऱ्या दिवशी मासळीवालीची अख्खी टोपली मीच उतरवून घेतली. एकेक ढोमा चिरत गेले, हाताला वास, पाठीला रग, पण नर काही दिसेना. एका बशीतलं पाणी ओतून देणार, तोच आतड्याचा तुकडा समजत होते तो हलला. नखाएवढा जीव, शेपूट आकड्यासारखी वळलेली. मी अशी हाक मारली की शेजारच्या काकू विळी टाकून कुंपणाशी आल्या.

भावोजींनी तो काचेवर घेतला, बराच वेळ पाहिला आणि उठून मला जागा दिली.

शेपटीत दोन सुया होत्या, काचेसारख्या, एक लांब, एक आखूड. जगात त्या पाहणारं मी फक्त दुसरं माणूस. छाती अशी धडधडत होती की नळीवरचा डोळा हलत होता. पुढे वर्णन छापून आलं त्यात चित्र होतं ते याच शेपटीचं. पण त्या घटकेला मला उठवेचना. सासूबाई मागे येऊन कधी उभ्या राहिल्या, कळलंही नाही.

"सरक गो," त्या म्हणाल्या, "किती वेळ परपुरुषाकडे टक लावून बसशील? मला बघू दे."