पाठीखालची ऊब

माझ्या बहिणीला, डेल्फाला, कुठलीही वस्तू हातात आली की उलटी करून पाहायची खोड आहे. नवी चादर आणली, की आधी उलटी बाजू. कुणी प्रेमानं घरचा केक आणला, तरी ताटली उचलून खालून करपलाय का ते बघणार. आमच्या पाद्रीबाबांच्या बायकोला एकदा याचा फार राग आला होता. पण डेल्फाचा इलाज नाही. सतराव्या वर्षी ती खालच्या गावातल्या मोज्यांच्या गिरणीत लागली आणि पुढं एकतीस वर्षं तिनं मोज्यांचे चवडे शिवले. मोजा उलटा करायचा, चवड्याची फट शिवायची, पुढचा मोजा घ्यायचा. गिरणी बंद झाली त्या दिवशी बाकीच्या बाया दारात रडत उभ्या होत्या. ही घरी आली आणि घेवड्याच्या शेंगा निवडायला बसली.

मी रूफस, तिच्याहून चार वर्षांनी लहान. चाळीस वर्षं मी कॅरोलायनाच्या या डोंगरातून ओंडक्यांचे ट्रक हाकले. ओंडक्यांवर मारलेली माझी गाठ एकदाही सुटली नाही. हे मीच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगत नाही.

डेल्फाचा नवरा आर्विल आठ वर्षांपूर्वी ओंडक्याखाली सापडला. माझ्या ट्रकवरच्या नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. जीव वाचला, पण पाठ गेली. पलंगावर आडवा झाला की दहा मिनिटांत कंबर अशी धरायची, की तो ओरडत उठायचा. त्याला झोप लागायची ती एकाच ठिकाणी, ओसरीच्या दोन खांबांना बांधलेल्या कापडी झोळीत. तिरका निजला की कापड पाठीचा आकार घ्यायचं, कुठंच टोचायचं नाही. पण हे सगळं एप्रिल ते ऑक्टोबर. थंडी पडली की झोळीखालून वारा वाहायचा आणि त्याची पाठ बर्फ व्हायची. अंगावर तीन गोधड्या घातल्या तरी खालून काकडायचा. घरात झोळी बांधू म्हणून मी भिंतीत आकडा ठोकला, तर आकड्यासकट फळीच हातात आली. मग हिवाळाभर बिचारा खुर्चीत बसून डुलक्या काढायचा आणि दर वसंतात थोडा बारीक झालेला असायचा.

मी काय कमी उपाय केले? मेंढीचं कातडं दिलं, फोमची गादी दिली, पुठ्ठे दिले. सगळं झोळीत त्याच्या पाठीखाली घातलं. गादी रात्री निसटायची, कातडं चेपून जायचं, आणि सकाळी आर्विल माझ्याकडे असा बघायचा, जणू थंडी मीच पाडली.

आमच्याकडे हिवाळ्यात, वारा पडलेला असला आणि हिव पडलं की पुरुष मंडळी ग्रासी नॉब नावाच्या टेकडीवर जातात. कोल्ह्याच्या मागावर कुत्री सोडायची आणि शेकोटीशी बसून ऐकायचं. बंदूक नाही, काही नाही. कोल्हा मरत नाही, त्यालाही बहुधा मजा वाटत असावी. दरीतून आवाज येतात आणि नुसत्या आवाजावरून सांगायचं, कुणाची कुत्री पुढं आहे. बायका तिथं येत नाहीत. नियम कुणी केला नाही आणि मोडलाही नाही. आर्विलची क्वीनी आमच्यातली सगळ्यांत चांगली कुत्री, पण आठ वर्षं तिला मीच घेऊन जायचो. वर रात्र काढायची तर निजावं लागतं, आणि हिवाळ्यात तो निजणार कुठं?

गेल्या नोव्हेंबरात जेवताना आर्विलनं ताटातून मान न उचलता सांगितलं, की टेनेसीचा एक माणूस येणाऱ्या रविवारच्या पुढच्या रविवारी येऊन त्याची सगळी कुत्री विकत घेऊन जाईल. घरात बसून लांबून त्यांचं भुंकणं ऐकणं आता त्याच्यानं होत नव्हतं. ज्यानं कुत्री विकली, त्यानं हाय खाल्ली, हे आमच्या डोंगरात कुणालाही कळतं. डेल्फानं फक्त विचारलं, किती दिवस आहेत. आर्विल म्हणाला, बारा. ती उठली आणि भांडी घासायला लागली.

त्या रात्रीपासून तीन रात्री ती स्वतः ओसरीवर झोळीत झोपली. साठी उलटलेली बाई. मी तिला वेडी म्हणालो, तर तिनं मला लाकडं फोडायला पाठवलं. चौथ्या दिवशी सकाळी निळ्या ओठांनी माझ्या पाठीवर हात ठेवून तिनं दाखवलं, थंडी इथून शिरते, इथून आणि इथून. खांदे, कंबर, मांड्यांची मागची बाजू.

"आपण सगळं आतनं घालतोय तेच चुकतंय, रूफस," ती म्हणाली. "ऊब पिसांत नसते. पिसांच्या मधे हवा अडकते ना, तिच्यात असते. माणूस वर निजला की पिसं चेपली, हवा गेली. मग राहिलं काय? नुसतं कापड."

म्हणजे दुलई झोळीच्या बाहेर टांगायची, खालून, जिथं तिच्यावर कुणाचं वजन पडणार नाही. डोंगरवाटेनं चालत जाणाऱ्या एका पोरीकडे तिनं तसलं काही पाच मिनिटं पाहिलं होतं. उलटंही करून पाहिलं होतं, हे सांगायला नकोच.

तिनं आमच्या आईची पिसांची गादी उसवली. जाड दांड्याची पिसं बाजूला, बदकाच्या पोटाकडची मऊ पिसं वेगळी. आठवडाभर आमच्या कॉफीत पिसं, मक्याच्या ब्रेडवर पिसं, आर्विलच्या मिशीत पिसं. पिसं एका जागी गोळा होऊ नयेत म्हणून तिनं दोन कापडांच्या मधे उभे पडदे शिवून कप्पे केले. आणि खालचं कापड वरच्यापेक्षा मोठं कापलं. मी म्हणालो, माप चुकलं तुझं. ती हसली. मोज्याच्या टाचेला जसा खोलगा असतो तसा तिला इथं हवा होता, म्हणजे पाठीचा बाक खाली आला तरी पिसांना फुगायला जागा राहील. "जन्मभर मी चवडेच शिवले," ती म्हणाली, "पण टाच विणणारं यंत्र माझ्या समोरच होतं. एकतीस वर्षं बघत होते मी." एवढी वर्षं मला वाटायचं, ती तिथं नुसते मोजे मोजत बसायची.

शुक्रवारी संध्याकाळी आर्विलला आणि कुत्र्यांना घेऊन नॉबवर निघताना तिनं मला दोन गोष्टी बजावल्या. एक, दुलई घट्ट बांधायची नाही. झोळीला ती नुसती टेकली पाहिजे, मधून तळहात सरकला पाहिजे, पण वारा शिरता कामा नये. दुसरी, आर्विलला सोसेनासं झालं तर शिंग वाजवायचं. आम्ही कुत्र्यांना परत बोलवायला गाईचं शिंग वाजवतो, ते नॉबवरून थेट तिच्या ओसरीपर्यंत ऐकू जातं. एरवी सूर्य उगवल्याशिवाय कुणी ते वाजवत नाही. त्या आधी ते वाजलं, तर ती गाडी घेऊन येणार होती.

ट्रक खिंडीत लावला. तिथून वर माझी दहा मिनिटं, आर्विलची दोन काठ्यांवर एक तास. वर पोचल्यावर तो नुसता दरीकडे बघत उभा राहिला. मी कुत्री सोडली, शेकोटी पेटवली, दोन झाडांना झोळी बांधली, खाली दुलई टांगली आणि दोऱ्या ओढल्या. चांगल्या करकचून ओढल्या. खोटं कशाला बोलू, सैल दोरी दिसली की माझ्या हातांना खाज सुटते. डेल्फा काय म्हणाली ते मी ऐकलं होतं, पण गाठीतलं बाईमाणसाला काय कळतं, असं मनात म्हणालो.

उजाडायला तासभर असेल. आर्विलनं हाक मारली. दात वाजत होते, शब्द नीट फुटत नव्हता.

"रूफस, शिंग वाजव. झालं माझं. त्या माणसाला कुत्री देऊन टाकतो."

शिंग तोंडाला लावलं आणि झोळी हलू नये म्हणून दुसरा हात तिच्या खाली धरला. हाताला लागली ती दुलई नव्हती. चपटी, ताणलेली, भिजून वाळलेल्या पुठ्ठ्यासारखी. ओंडके बांधतात तशी बांधली होती मी ती. माझ्या बहिणीनं आठवडाभर जागून जी हवा कोंडली होती, ती मी चार गाठींत मारून टाकली होती.

शिंग खाली ठेवलं. बोटं वळत नव्हती, गाठी दातांनी सोडवल्या. दोऱ्या वीतभर सैल केल्या आणि कंदील जवळ धरला. आणि मग ती दुलई फुगायला लागली. आवाज नाही, घाई नाही. चुलीजवळ फडक्याखाली ठेवलेलं पीठ फुगतं ना, तशी कप्प्याकप्प्यानं वर आली आणि त्याच्या पाठीला जाऊन अलगद टेकली. मी पूर आलेले पाहिलेत, दोनशे वर्षांची झाडं पडताना पाहिलीत. पण असं काही पाहिलं नव्हतं. थोड्या वेळानं मी मधे तळहात सरकवला, तर आत ऊब. कुठली शेकोटी नाही, कुठला निखारा नाही. थंडीनं काकडणाऱ्या त्या माणसाचीच ती ऊब, रात्रभर त्याच्या अंगातून निघून दरीत वाया जात होती. डेल्फानं तिला फक्त थांबायला जागा करून दिली होती. मी तिथंच गुडघ्यांवर बसून राहिलो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते धुरामुळे नव्हतं.

आर्विल गप्प झाला. मी घाबरलो. वाकून कान लावला, तर साहेब घोरत होते.

ऊन कड्यावर आलं तेव्हा खालच्या दरीतून कुत्र्यांचा कल्लोळ वर चढला. सगळ्यांच्या पुढं एक लांब, घोगरा आवाज. आर्विलनं डोळे उघडले नाहीत. "पुढं क्वीनी आहे," एवढंच म्हणाला आणि पुन्हा झोपला. आठ वर्षं मी त्या कुत्रीला वर आणत होतो. तिचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला असं मला वाटलं.

घरी पोचलो तर डेल्फा ओसरीवर, खुर्ची नॉबच्या दिशेला वळवून, अंगात कोट, मांडीवर गाडीची किल्ली. डोक्याच्या रुमालावर हिव पडलं होतं. संध्याकाळपासून ती तिथून हलली नव्हती. आर्विल काठ्या टेकत पायऱ्या चढला. तो बरा आहे का, हे तिनं विचारलं नाही.

"उजाडेपर्यंत शिंग वाजलं नाही," ती म्हणाली.

आर्विल म्हणाला, झोपलो होतो, कोण वाजवणार? तेव्हा ती खुर्चीतच जरा मागं टेकली आणि तोंडावर रुमाल धरून बसली. गिरणी गेली तेव्हाही मी तिला असं पाहिलं नव्हतं. मग उठून तिनं दुलई घेतली आणि अर्थातच उलटी केली. माझ्या गाठींचे वळ दोऱ्यांवर स्पष्ट होते. कधीपर्यंत घट्ट होती, तिनं विचारलं. पहाटेपर्यंत, मी म्हणालो. न्याहारीला तिनं सगळ्यांना सॉसेज वाढलं आणि मला नाही.

रविवारी सकाळी टेनेसीचा माणूस आला. पिंजरा ठेवलेली गाडी, फाटकाशी थांबून हॉर्नवर हात ठेवला. अंगणात सगळीकडे पांढरं हिव होतं. डेल्फा सपाता घालून पळतच गेली आणि तिनं खिडकीतून त्याचा हात हॉर्नवरून उचलला.

"हळू," ती म्हणाली. "माझा नवरा झोपलाय."

त्यानं ओसरीकडे पाहिलं. दोन खांबांच्या मधे झोळी, झोळीखाली फुगलेली दुलई, आणि वर नुसती मिशी दिसत होती. कुत्र्यांचं ठरलं होतं, तो कुजबुजत म्हणाला. किती वेळ थांबू?

"तुम्ही जा," डेल्फा म्हणाली. "आठ हिवाळ्यांची झोप राहिलीय त्याची."