नानांचा ट्रेलर घाटात बंद पडतो

चाकणच्या कंपनीत मेंटेनन्सला असलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. मशीनखाली ग्रीस साचावं तसे ते आपोआप साचतात. मी थापा मारतो असा माझ्यावर आरोप आहे, आणि तो खरा आहे. पण नानांच्या कॉम्प्युटरची गोष्ट मी एकट्याने पाहिलेली नाही. आमच्या डिपार्टमेंटचे शिंदे आणि कांबळे दोघंही तिथे होते.

*

नाना पिंपळे गुरवला माझ्या वरच्या मजल्यावर राहतात. जन्मभर नव्या गाड्या ट्रेलरवर चढवून देशभर पोचवल्या. मग बायपास झाली आणि डॉक्टरांनी स्टेअरिंग सोडायला लावलं.

मुलगा बंगळुरूला नोकरीला गेला, त्याचा गेमिंग कॉम्प्युटर घरीच राहिला. त्यात ट्रक चालवायचा गेम, सोबत स्टेअरिंग, पायाशी ब्रेक. नाना एकदा बसले ते बसलेच. चहाची तलफ आली तर आधी गाडी कडेला घेणार, हँडब्रेक लावणार, मग खाली टपरीवर जाणार.

पण घाट लागला की कॉम्प्युटर तापायचा आणि फटकन बंद.

"आख्ख्या नोकरीत माल रस्त्यात टाकला न्हाई," नाना म्हणायचे. "आता रोज टाकतोय."

त्यांचं जेवण कमी झालं. नानांच्या बायको, आमच्या काकू, मला जिन्यात म्हणाल्या, "भाऊ, बायपासला घाबरले न्हवते मी. आता भ्या वाटतंय."

*

शिंदे लातूरचा, कंपनीत कॉम्प्रेसर सांभाळतो. तो म्हणाला, "धूळ असंल. हवा मारू."

कॉम्प्युटर रिक्षात घालून सांगवीतल्या ओळखीच्या पंक्चरवाल्याकडे नेला. एवढी धूळ निघाली की समोरून येणाऱ्या स्कूटरवाल्याने भरदुपारी हेडलाइट लावली. सगळ्यात शेवटी निघाल्या झेंडूच्या पाकळ्या. नानांनी दसऱ्याला गाडीला घालतात तसा याच्याही तोंडाला हार घातला होता. पंख्याने तो खाल्ला होता!

तरी घाटात बंद.

*

कांबळे भट्टीवर असतो. स्क्रीनवर आकडा दिसला, सत्त्याण्णव डिग्री.

"याला आमच्याकडं गार म्हणतात," तो म्हणाला. "यावर हात शेकतो आम्ही."

पण कामाला बसला. प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचं डोकं, त्यावरची वाळलेली पेस्ट खरवडली आणि बाळाला तीट लावावी तशी नवी लावली. नाना अर्ध्या घाटापर्यंत पोचले. मग अंधार.

*

पुढच्या रविवारी आम्ही तिघं जरा लवकरच गेलो. बघतो तर कॉम्प्युटर चालू, आणि वरून नखशिखान्त रेक्झिनचं कव्हर. ट्रकच्या सीट शिवणाऱ्याकडून खास शिवून घेतलेलं, खाली लाल गोंडे. शेजारी नाना निवांत पेपर वाचत होते.

"नाना, हे काय?"

"गरम करतोय. थंड इंजिनावर लोड टाकायचा नसतो. रोज तासभर करतो."

शिंदे माझ्याकडे बघायला लागला, मी कांबळेकडे. शेवटी कांबळेच हळू आवाजात म्हणाला, "नाना, हे इंजिन उलटं असतंय. याला गारच पळवायचं."

नानांनी गोंड्यांवरून हात फिरवला.

"डॉक्टरबी मला हेच म्हणला व्हता," ते म्हणाले, आणि स्वतःच्या हातांनी कव्हर काढलं.

*

कॉम्प्युटर गार होऊ दिला. एका बाजूचा पत्रा उघडला, काकूंनी टेबलफॅन लावला. नाना निघाले. घाट लागला. चढ संपला, उतार संपला, समोर गोडाऊन दिसलं. आता फक्त ट्रेलर रिव्हर्स घेऊन रेघांमध्ये लावायचा होता.

आणि लाइट गेली. सगळ्या बिल्डिंगची.

स्क्रीन काळी, टेबलफॅन बंद. नानांनी स्टेअरिंगवरचे हात काढले नाहीत. मान डावीकडे वळवली, जिथे आरसा असतो तिकडे.

"शिंदे, मागं बघ."

शिंदे खुर्चीमागे जाऊन उभा राहिला. का राहिला, त्यालाच विचारा.

"येऊ द्या," तो म्हणाला. "येऊ द्या. स्टेअरिंग थोडं डावीकडं काटा. येऊ द्या... बस."

आणि क्लीनर गाडीच्या पत्र्यावर मारतो तशा टेबलावर दोन थापा मारल्या. नानांनी हँडब्रेक ओढला, कपाळ पुसलं आणि नुसते बसून राहिले.

लाइट आली. कांबळेने कॉम्प्युटर चालू केला, गेम उघडला.

गोडाऊनच्या आवारात ट्रेलर उभा होता. सरळ, दोन रेघांच्या बरोब्बर मध्ये.

नाना स्क्रीनकडे न बघताच उठले.

"अगं, ताट वाढ," त्यांनी काकूंना हाक मारली. "माल पोचला."