तिसऱ्या हाकेला मामा बाहेर होते

दवाखान्यात शेवटची भेट झाली त्या दिवशी मामांनी मला त्यांच्या तब्येतीबद्दल काही विचारूच दिलं नाही. डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते, हाताला सलाईन लावलेलं होतं. मला बघितल्या बघितल्या म्हणाले, "कळंब्याच्या तळ्याला पाणी कुठवर हाय?" मी म्हटलं, पायऱ्यांपर्यंत आलंय. "मग पोरांस्नी सांग, जपून उतरा. शेवाळ हाय तितं." मग खिडकीकडं बघत अगदी हळू म्हणाले, "गौरे, खुर्चीत थांबाय पायजे हुतं की मी." ते कशाबद्दल बोलतायत ते मला लगेच कळलं. मी त्यांच्या पायावरची चादर सारखी केली. त्याच आठवड्यात मामा गेले.

या गोष्टीला आता महिना होऊन गेला. आमच्या घरात कॉलेजपर्यंत आलेली मी पहिलीच, म्हणून मामी म्हणाल्या, तूच काहीतरी लिही. नीट जमेल की नाही, माहीत नाही.

बारावीनंतर मी नेसरीहून कोल्हापूरला आले ती मामांच्या घरी. त्यांचं भांड्यांचं दुकान होतं, घर कळंब्याच्या बाजूला. पहिल्याच रात्री एक गोष्ट माझ्या लक्षात आली. ताटं वाढून झाली तरी मामा बसेनात. दुकानातला गडी सायकलचं पंक्चर काढत अंगणात बसला होता, त्याला बोलवायला गेले. तो आला, तर शेजारच्या म्हाताऱ्या आज्जींना आणायला गेले. मामी म्हणाल्या, "हे रोजचंच हाय. समदी आल्याबिगर ह्यांचा घास उतरत न्हाय. तू आपलं पाणी पिऊन घे." घरातलं कुणी बाहेर असताना ताटावर बसायचं नाही, हा मामांच्या वडिलांपासूनचा रिवाज होता. आमटी गार व्हायची, मामी चिडायच्या, पण रिवाज काही मोडला नाही.

मामा पोहायला लागले ते साखर वाढली म्हणून. डॉक्टरांनी चाला म्हटलं, आणि ह्यांना चालणं कंटाळवाणं वाटलं. मग कळंब्याच्या तळ्यात पोहणं, मग कागलकडं सायकल, मग धावणं. पोहणं, सायकल आणि धावणं एकाच दिवसात, एकापाठोपाठ करायची लांब पल्ल्याची शर्यत असते, हे त्यांना कुणीतरी सांगितलं. मामांचा पहिला प्रश्न होता, "मग जेवायचं कवा?" नंतर त्यांनीच त्यावर उपाय काढला. गूळ-शेंगदाण्याची पुरचुंडी सायकलच्या दांडीला बांधायची. शर्यतीच्या त्या घट्ट चड्डीची मात्र त्यांना लाज वाटायची. घरातून निघताना वरून पायजमा घालायचे, तळ्याच्या बांधाजवळच्या चहावाल्याकडं तो घडी करून ठेवायचे आणि परत येताना पुन्हा चढवायचे. रस्त्यावर लोक विचारायचे, "काय पावणं, कोण मागं लागलंय व्हय?" मामा न थांबता म्हणायचे, "हाय की, वय."

लोकांना तो छंद वाटायचा. पण मामांना परदेशातल्या अंतिम स्पर्धेला जायचं होतं. नुसतं जायचं नव्हतं, निवड होऊन जायचं होतं. शाळा सातवीत सुटली, तालमीत गुडघा गेला, दुकान वडिलांचं मिळालं. एकदा बांधावर बसून मला म्हणाले, "आपण कमावलं असं काय हाय गं माज्याकडं? ही एक जागा मिळाली तर ती माजी." त्यांना इतकं गंभीर मी तेवढंच एकदा बघितलं.

निवडीची शर्यत समुद्रकाठी होती. पहिल्या खेपेला पायात गोळे आले आणि ते फार मागं पडले. दुसऱ्या खेपेला मामी आणि मी बरोबर गेलो, इंग्रजीत काही विचारलं तर मी असावं म्हणून. त्या वर्षी मामा त्यांच्या वयोगटात दुसरे आले. शेवटच्या वळणावर ते दिसले तेव्हा मामींनी पदर तोंडाला लावला. रडत होत्या की हसत होत्या, सांगता येणार नाही.

प्रत्येक गटातून एकच जागा होती. तिथली पद्धत अशी की दुसऱ्या दिवशी सगळ्यांना एका हॉलमध्ये बसवून पहिल्याचं नाव तीनदा पुकारायचं. तो नसला किंवा नको म्हणाला, तर दुसऱ्याचं नाव तीनदा. माणूस स्वतः तिथं पाहिजे, दुसऱ्यानं त्याच्या वतीनं हो म्हटलेलं चालत नाही. हे सगळं मी मामांना आदल्या दिवशी समजावून सांगितलं होतं आणि त्यांना ते नीट कळलंही होतं.

पहिले आलेले हुबळीचे देसाई म्हणून बँकेतले गृहस्थ होते. त्यांचं नाव पुकारलं. कुणी उठलं नाही. मामा मान वळवून मागं बघायला लागले. "अगं, देसाई भाईर मागं नळापाशी बसल्यात की. आत्ताच बघितलं. तब्येत बरी न्हाय त्यांची, ऐकू गेलं नसंल." मी त्यांचा हात धरला. "मामा, ते आले नाहीत तर तुमचंच नाव येणार आहे."

"म्हणून गप बसू? माणूस भाईर हाय आणि आपण ताटावर बसायचं व्हय?"

हात सोडवून ते गेले. देसाईंची दुसरी हाक झाली, तिसरी झाली... आणि मग मामांचं नाव आलं. मी उभी राहिले. "ही इज आउटसाइड, सर," एवढं म्हटलं. पुढचं वाक्य जुळेना. माइकवरचा माणूस वाईट नव्हता. त्यानं दाराकडं बघितलं, थोडं थांबला, पुन्हा नाव घेतलं, पुन्हा थांबला. मामी मराठीत म्हणत होत्या, "येत्यात हो, आत्ता येत्यात." तिसरी हाक झाली. मग तिसऱ्या नंबरचं नाव आलं, तो तरुण दिसणारा गृहस्थ उठून 'यस' म्हणाला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्याच वेळी मामा देसाईंना दंडाला धरून दारात आले. टाळ्या ऐकून त्यांनीही हसत टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, दुसऱ्या कुठल्या तरी गटाचं चाललंय.

देसाईंना जायचंच नव्हतं. रजा मिळणार नव्हती, म्हणून ते मुद्दाम बाहेर बसले होते. मामांनी कन्नडमध्ये "बर्री, बर्री", म्हणजे या, या, म्हणत उठवलं, तेव्हा बिचाऱ्यांना नाही म्हणवलं नाही.

परतीची एस.टी. आंबोलीचा घाट चढली. मग मामी म्हणाल्या, "अवो, घरात हाका मारता त्ये पुरं न्हाय झालं व्हय?" मामा म्हणाले, "पुढच्या साली पयलाच येतो की. मग कुणाला आणाय जायाला नको." गाडीत ते हसले. पण दुकानात नवी कळशी आली की टिचकी मारून नाद बघायची त्यांची सवय घरी आल्यावर बरेच दिवस बंद पडली होती. पुढं पुन्हा सुरू झाली. पोहणं तर दुप्पट वाढलं. मग जेवण तुटलं, कावीळ म्हणून औषधं झाली, आणि कावीळ नुसती नाही हे कळलं तेव्हा पुढचं साल सुरू झालं होतं.

आमच्यात गेलेल्या माणसाला जाळत नाहीत, खड्ड्यात बसवून माती देतात. मामांना तसं शांत बसलेलं मी कधी पाहिलंच नव्हतं.

त्यांचं चुकलं का, हे मला ठरवता येत नाही. थांबायला पाहिजे होतं, असं ते स्वतःच म्हणाले, म्हणून मीही तसंच म्हणते. पण खुर्चीत थांबलेले मामा डोळ्यांसमोर आणायला गेले की येत नाहीत.

संध्याकाळी ते गच्चीवर सायकल स्टँडला लावून पाय मारत बसायचे. सगळ्या घराला हाका मारणाऱ्या माणसाला चाकाच्या आवाजात आमची हाक ऐकू यायची नाही. मलाच वर जावं लागायचं. परवा मामींनी भाताचं पातेलं उतरवलं आणि सवयीनं म्हणाल्या, "गौरे, वर हाक मार जा, ताटं घेतल्यात." बोलून गेल्या आणि पातेलं हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. मी जिना चढून वर गेले. सायकल स्टँडवरच होती. चहावाल्याकडं राहिलेला आणि त्यानं आणून दिलेला पायजमा हँडलवर घडी करून ठेवलेला होता.

मी दोन हाका मारल्या. तिसरी मारली नाही.